रानभाजी मेळावा: स्पर्धा नको, पंगत हवी (अकोले परिसर, सूचना हव्यात)

डांगाणकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, भंडारदरा-हरिश्चंद्रगडाच्या बाजूला, आम्ही काही जण या पावसाळ्यात रानभाज्यांचा मेळावा घ्यायच्या विचारात आहोत. गाव मनात आहे, पण ग्रामसभेत विषय व्हायचाय म्हणून नाव आत्ता लिहीत नाही. सूचना हव्या आहेत. माझी काही ठाम मतं आहेत, तीही आधीच मांडतो म्हणजे भांडायला सोपं जाईल.

कृषी खातं ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव घेतं. चांगलंच आहे ते. त्यामुळे शहरातल्या कितीतरी लोकांना कुरडू आणि भारंगी ही नावं तरी माहीत झाली. पण मी पाहिलेल्या बहुतेक कार्यक्रमांचा साचा एकच. मांडव, फ्लेक्स, दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं. टेबलावर कागदी बशीत एकेक जुडी, पुढे शास्त्रीय नावाची चिठ्ठी आणि 'गुणधर्म' या मथळ्याखाली मधुमेहापासून मूतखड्यापर्यंत सगळं बरं होईल असा मजकूर. मग पाककृती स्पर्धा. तिच्यात टाकळ्याचं मंचुरियन, भारंगीचा पिझ्झा. पहिला नंबर गाजराची फुलं कोरून ताट सजवणाऱ्या ताईंना, आणि जिनं पहाटे डोंगर चढून ती भाजी खुडून आणली तिला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र, तेही नाव चुकवून.

म्हणून आमचा विचार असा की स्पर्धा ठेवायचीच नाही. सकाळी गावातल्या जाणत्या बायांबरोबर शिवारफेरी, दुपारी पंगत, पंगतीनंतर गावरान बियाण्यांची देवाणघेवाण. पंगतीत नागलीची (नाचणीची) भाकरी, वरईचा भात, उडदाचं घुटं, कुरडूची परतलेली भाजी, चाईच्या मोहोराची भाजी, कर्टुली, आणि वर ठेचा. पदार्थ घरी करतात तसेच, एक पळी तेलही जास्त नाही. पळसाच्या पत्रावळी. व्यासपीठ नाही, माईक फक्त हरवलेल्या पोरांची नावं पुकारायला.

बियाण्यांचा विषय आमच्या तालुक्यात नवा नाही. 'बीजमाता' राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे याच तालुक्यातलं. 'बायफ' या संस्थेच्या मदतीनं त्यांनी उभी केलेली बियाणे बँक आणि २०२० सालची पद्मश्री सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला बँकेइतकं मोठं काही करायचं नाही. फक्त काळभात, जिरवेल हे भाताचे आणि पावट्याचे, घेवड्याचे वाण एका घरातून दुसऱ्या घरात जावेत एवढंच.

मोठा प्रश्न तारखेचा आहे. माणसं किती बोलवावीत आणि पैसे कसे घ्यावेत यावरही बोला.

---

पेठकर_पुणे

वा, झकास कल्पना! मी, बायको आणि दोन पोरं नक्की. पोरांना भाजी म्हणजे फ्लॉवर आणि बटाटा एवढंच माहीत आहे. मंचुरियनबद्दल +१, गेल्या वर्षी एका महोत्सवात मी कुड्याच्या फुलांचे 'कटलेट' खाल्ले, बटाट्याशिवाय कशाची चव लागेल तर शपथ.

एक शंका. शिवारफेरीत आम्हाला स्वतः भाजी खुडू देणार का? मजा त्यातच आहे.

---

शंकासुर

अपशकुन करतोय असं म्हणा हवं तर. त्याच भंडारदऱ्यात काजव्यांचं काय झालं ते आठवा. मे अखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत साध्या सादड्याच्या-हिरड्याच्या झाडांवर लुकलुकणारे किडे, गावकऱ्यांना त्यात नवल नव्हतं. मग 'काजवा महोत्सव' सुरू झाला. शनिवारी रात्री घाटात गाड्यांची रांग, हेडलाइट लावलेले, डीजे वाजतोय, झाडाखाली मोबाइलच्या बॅटऱ्या. काजव्याची मादी नराचा प्रकाश बघून उत्तर देते, तिथे एलईडीचा झोत मारल्यावर ती काय उत्तर देणार? शेवटी वनखात्याला निर्बंध घालावे लागले.

आता भाज्यांची पाळी. पेठकरसाहेब स्वतः खुडणार, तसे त्यांच्यासारखे तीनशे जण खुडणार, रील टाकणार, पुढच्या वर्षी तीन हजार येणार. अहो, जी गोष्ट वाचवायची तिची जाहिरात करू नये.

---

पेठकर_पुणे

@शंकासुर, बरं बाबा, नाही खुडत. पण मग शहरातल्या माणसानं फक्त अपराधीपणाच घेऊन घरी जायचं का?

---

वनस्पतीवेडा

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. 'रानभाजी' या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या वनस्पती येतात आणि खुडण्याचा परिणाम प्रत्येकीवर वेगळा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टाकळा, कुरडू, घोळ, आघाडा, तांदुळजा ही तण आहेत. बांधावर, पडीक जागेत, रस्त्याकडेला ढिगानं उगवतात. पेठकरांनी पोतंभर नेली तरी शेतकरी आभारच मानेल. फक्त तणनाशक मारलेलं रान आणि हमरस्त्याची कड टाळायची.

फोडशी (कोणी कुलू म्हणतं) पहिल्या पावसात उगवते, गवतासारखी दिसते. तिची पानं विळ्यानं कापली तर मुळं शाबूत राहतात आणि पुढच्या वर्षी परत येते. नवखा माणूस उपटतो. जुडी बांधायला सोपी म्हणून व्यापारीही मुळासकट मागतो.

शेवळाचं दुखणं वेगळं. आपण खातो तो तिचा फुलोरा, म्हणजे बी धरायच्या आधीच खुडला जातो. कंद जमिनीत असतो म्हणून ती टिकून आहे, पण एका टेकडीवरची सगळीच्या सगळी शेवळं वर्षानुवर्षं बाजारात गेली तर नवीन रोपं कुठून येणार?

चाईच्या बाबतीत मात्र निर्धास्त राहा. लोंबणारे मोहोर खातात ते नरवेलाचे. फळ धरणारी मादीवेल वेगळी असते, आणि वेलाला पानांच्या बगलेत बारके कंद लागतात त्यातूनही नवीन वेल येतो.

आता तारीख. ९ ऑगस्ट हा दिवस माणसांच्या कॅलेंडरचा, भाज्यांचा नाही. तोपर्यंत टाकळा जून होऊन फुलायला लागलेला असतो, फोडशी निबर झालेली, शेवळं तर जूनमध्येच संपलेली. पालेभाज्यांसाठी जूनचा शेवट ते जुलैचा पहिला पंधरवडा उत्तम. कर्टुली आणि चाई मात्र ऑगस्टमध्येच. सगळ्या भाज्या एका दिवशी एका ताटात दाखवायचा हट्ट धरलात की कुठून तरी विकत आणाव्या लागतात. एका ठिकाणी 'डोंगरची भाजी' म्हणून मांडलेला माठ बाजारातून आणलेला होता, जुडीला रबर तसंच होतं.

---

डोंगरची_लेक

मी याच भागातली. अंगणवाडीत काम करते, घरी भातखाचरं आहेत. दोन गोष्टी स्पष्ट बोलते, राग मानू नका.

वनस्पतीवेडा दादा म्हणतात जुलैचा पहिला पंधरवडा. दादा, तेव्हा आमच्याकडं आवणी, म्हणजे भाताची लावणी असते. पाऊस धरला की घरातलं लहान-मोठं सगळं खाचरात, कमरेत वाकून. इर्जिक करून एकमेकांच्या शेतात जातो. एक दिवस चुकला तर रोप वर निघतं आणि पुढं सगळंच लांबतं. त्या दिवसांत कोण तुम्हाला शिवार दाखवत फिरणार? आवणीच्या दिवसांत आम्हीच भाजी बांधावरनं घरी येता येता खुडतो, कारण दुसरं काही आणायला वेळ नसतो. म्हणून तर रानभाजी खातो आम्ही. ते काही कुणी आम्हाला आरोग्यासाठी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट पैशाची. आजवर दोन-तीन ठिकाणी आमच्या बचतगटाला 'प्रात्यक्षिका'ला बोलावलं. भाजी आमची, सरपण आमचं, गाडीभाडं आमचं, आणि शेवटी साडी नाहीतर फुलझाडाची कुंडी. कुंडी घेऊन मी काय करू, माझ्या दारात जंगल आहे. आवणीला बाईला मजुरी मिळते, मग शंभर माणसांचा स्वयंपाक केला तर त्याची का नाही? बियाण्याच्या वाटपाचंही तेच. आमच्या चुलीच्या वर टांगलेली वाळकी घेवड्याची शेंग पुण्याच्या गच्चीत लागली, आनंद आहे. पण 'नमुना' म्हणून मूठ मूठ नेता नेता आमच्याच घरी पेरायला राहत नाही.

मेळावा करा. पण डांगाणकर, आधी बायांना विचारा. ग्रामसभेत नुसते बाप्ये बसून ठरवतील.

---

डांगाणकर (धागाकर्ता)

ताई, राग कसला. मजुरीचा मुद्दा आमच्या कागदावर नव्हता, आता सगळ्यात वर लिहिलाय. महिला ग्रामसभा आधी घेऊ, तिथं तुम्ही बोला.

---

गडचिरोलीकर

आमच्याकडून थोडं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी, २००९ सालचं. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. तिथे निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. वेळ लागतो पण नंतर कुरकुर राहत नाही.

२००६ च्या त्या कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत कंद, मुळं, मध, बांबू, औषधी वनस्पती सगळं येतं. परंपरेनं गोळा करणाऱ्याचा त्यावर मालकी हक्क आहे, विकण्याचासुद्धा. म्हणजे कुठल्या डोंगरावरची कुठली भाजी, केव्हापासून केव्हापर्यंत, किती खुडायची हे ठरवायचा पहिला अधिकार गावाचा. पाहुण्यांनी काय करावं याची नियमावली इथं ऑनलाइन लिहिण्यापेक्षा ग्रामसभेकडून ठराव घ्या. तुमच्या बाजूला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, त्यामुळे हद्दीचं भान जास्तच ठेवा.

आमच्याकडे या दिवसांत तरोटा (टाकळा), काटवल (कर्टुली), वास्ते (बांबूचे कोंब), आणि पहिल्या गडगडाटानंतर सात्या (रानातली अळंबी). बाजारात काटवलाचा भाव ऐकला तर चिकन स्वस्त वाटते.

---

फोंड्याचो

सात्यांवरून आठवलं. आमच्या गोव्यात पावसाळ्यात रोयणीची आळमी मिळतात, म्हणजे वारुळावर येणारी अळंबी. चव अशी की माणूस वेडा होतो, आणि भाव सोन्याचा. पण ती वाळवीनं वारुळात वाढवलेल्या बुरशीची फळं आहेत, शेतात लावता येत नाहीत. गोव्यातले कवकतज्ज्ञ नंदकुमार कामत कितीतरी वर्षं सांगताहेत की ही खाऊ नका, राहू द्या. ऐकतो कोण? रस्त्यावर पानाच्या पुडीत मांडलेली दिसली की गाडी आपोआप थांबते. माझीही थांबते.

तायखिळो (टाकळा), तेरें (रानअळू), किल्ल (बांबूचे कोंब), फागलां (कर्टुली) यांची गोष्ट वेगळी, ती भरपूर आहेत. म्हणून माझी सूचना अशी की मेळाव्यात काय वाढायचं याच्या आधी काय *वाढायचं नाही* हे ठरवा. आळमी पंगतीत नकोत.

---

तारकर्लीची

मी स्वयंपाकावरच बोलणार.

टाकळ्यात आम्ही फणसाच्या आठळ्या घालतो, ठेचलेला लसूण आणि ओलं खोबरं. पान अगदी कोवळं हवं, चार पानांच्या वर गेलं की उग्र वास मारतो. तुमच्याकडे ओला नारळ घालणार नाहीत हे ठाऊक आहे, आठळ्या तरी घाला.

शेवळाबद्दल नवख्यांना सांगायला हवं, कारण दादर-ठाण्याच्या बाजारातून उत्साहानं आणतात आणि मग घसा धरून बसतात. बाहेरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं. आणि काकडं हवीतच. काकड म्हणजे काकडी नव्हे, बोराएवढी आंबट हिरवी फळं, विकणारी बाई शेवळांबरोबरच वाटा देते. ती ठेचून, पाण्यात कोळून तो रस भाजीत घालायचा. काकड नसेल तर चिंच, पण सढळ हातानं. सीकेपी मंडळी त्यात कोलंबी किंवा सोडे घालतात. ती एकदा खाल्ली की शाकाहारी शेवळं मिळमिळीत वाटतात, हे माझं वैयक्तिक मत.

---

डॉ_खवय्या

तारकर्लीच्या ताईंनी सांगितलेल्या खाजेचं कारण म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. शेवळं, सुरण, अळू, तेरा (रानअळू), सगळ्यांत असतात. आंबट आणि भरपूर शिजवणं हा उपाय आजीनं शोधलेला आणि बरोबर आहे.

डांगाणकरांना कळकळीची विनंती: 'गुणधर्मां'च्या चिठ्ठ्या लावू नका. 'मूतखड्यावर गुणकारी' अशी पाटी वाचून पालेभाज्यांवर ताव मारणारे पेशंट मी पाहतो. अनेक पालेभाज्यांत ऑक्झलेट भरपूर असतं आणि ज्यांना त्याच प्रकारचे खडे होतात त्यांना उलट सांभाळून खायला सांगावं लागतं. उकडून पाणी टाकलं तर ते बरंच कमी होतं, एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

आणि विषारी झाडं आधी दाखवा. कळलावी त्याच रानात, त्याच दिवसांत उगवते. फूल आल्यावर कोणीही ओळखेल, लाल-पिवळ्या ज्वाळा. कोवळा कोंब मात्र नवख्याला फसवतो. तिच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन हे विष असतं, कंदात सर्वांत जास्त, आणि थोड्याशा कंदानंही जीव जाऊ शकतो. कडूकंदाचंही तसंच. कातकरी-ठाकर बाया तो चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडतात आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा तो खाण्याजोगा होतो. यूट्यूब बघून एक पायरी गाळली की थेट दवाखान्यात.

---

वनस्पतीवेडा

+१००. शिवारफेरीत नियम एकच ठेवा: बाई म्हणेल तेच पान, तिच्या हातूनच. मोबाइलमधल्या झाडं ओळखणाऱ्या ॲपवर भरवसा ठेवून काही तोंडात घालायचं नाही.

---

न्यूजर्सीकर

इथून येणं काही जमणार नाही, पण वाचून जीव जळला. आमच्याकडे मेक्सिकन दुकानात 'व्हर्दोलागास' नावाची जुडी मिळते, घरी आणून बघितली तर सरळ सरळ आपली घोळ. डाळ घालून केली. शेजारणीच्या बागेत ती तण म्हणून उपटून फेकतात, आता मीच मागून आणते.

कार्यक्रमाचे फोटो टाका. रील नको :)

---

शेतकरी_नंबर_एक

पंगतीत वरईचा भात वाचून बरं वाटलं, पण त्यामागचं अर्थकारण कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

वरई आमच्या डोंगरउतारावर पिकते. तिचं टरफल काढणं महाकठीण, उखळात कांडायला अर्धा दिवस जातो आणि हाती येतं पसाभर. म्हणून शेतकरी ती न भरडताच व्यापाऱ्याला देतो. भरडायच्या गिरण्या नाशकात. तिथून ती पॉलिश होऊन पांढरीशुभ्र 'भगर' म्हणून परत येते, आणि एकादशीला आमच्याच घरात किराणा दुकानातून पाकीट आणलं जातं. जी बाई पिकवते ती घरी रेशनचा तांदूळ शिजवते. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, त्या वर्षात पोस्टर भरपूर आले, गावात भरडायचं यंत्र काही आलं नाही.

नागलीचं बरं आहे, जात्यावर नाहीतर गावच्या चक्कीत दळता येते. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पोरांना याहून चांगलं काय द्यायचं? पण भाकरी काळी दिसते म्हणून पोरंच नको म्हणतात. डबा उघडायला लाजतात शाळेत.

मेळाव्यातून दोन-चार हजार उरले तर ते बॅनरवर नका घालवू. गावाला छोटं भरडयंत्र लागतं, त्याच्या वर्गणीची सुरुवात तिथूनच करा.

---

शंकासुर

हा प्रतिसाद आवडला. मी अजूनही मेळाव्याच्या विरोधात आहे, पण यंत्राला पाचशे माझे.

---

बी_भरण

देवाणघेवाणीबद्दल. 'गावरान बी विकलं तर कारवाई होते' अशी भीती लोकांना असते. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायची, पेरायची, वाटायची, विकायचीही मुभा दिली आहे. बंदी आहे ती संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं लेबल लावून विकण्यावर. त्यामुळे डोंगरची_लेक यांच्या घेवड्याला निःसंकोच भाव लावा. फुकट मूठभर नेणाऱ्यांची संख्या आपोआप घटेल.

आणखी एक. कर्टुल्याचं बी देऊ नका, कंद द्या. कर्टुल्यात नरवेल आणि मादीवेल वेगळे असतात. बी पेरलं तर फूल येईपर्यंत कळत नाही, आणि मग वर्षभर वेलाला पाणी घालून अर्धे नर निघाले की माणूस वैतागतो. कंद काढताना वेल ओळखून खूण केलेली असते. फुलं आली की बघा, पाकळ्यांच्या खाली इवलंसं काटेरी बोंड दिसलं तर मादी, सरळ देठ असला तर नर. दहा मादीवेलांमागे एक नरवेल ठेवायचा. वेल थोडेच असतील तर सकाळी नरफूल तोडून मादीफुलावर हातानं फिरवा, फळं जास्त धरतात. एकदा बांधावर लागली की डोंगरावरची ओरबाड कमी होते, आणि वाचवायचं म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

---

चुलीवरची_कॉफी

सरपणाचं काय? दीडशे माणसांचा स्वयंपाक चुलीवर म्हणजे गाडीभर लाकूड. 'शाश्वत' म्हणायचं आणि झाड तोडायचं? गॅस वापरा सरळ.

---

डोंगरची_लेक

@चुलीवरची_कॉफी, भाकरीला चूलच लागते, पण काटक्या वाळक्याच असतात, उभं झाड कोण तोडतं? भात आणि घुटं गॅसवर करू. रोज चुलीचा धूर डोळ्यात घेणाऱ्या बाईला चुलीचं कौतुक नसतं, पाहुण्यांनाच असतं.

---

काशीनाथ_घाटावरचा

तारखेसाठी एक विचार: ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरल्याशिवाय उगवलेलंच खायचं, म्हणून ऋषीची भाजी. रानभाजी मेळाव्याला याहून योग्य मुहूर्त कुठला? आपल्या रूढीतच ही गोष्ट होती, आपण ती मिक्स भाजी करून टाकली.

---

पेठकर_पुणे

कल्पना सुंदर, पण आदल्या दिवशी गणपती बसलेले असतात. घर सोडून कोण येणार? बायको तर नाहीच.

---

डांगाणकर (धागाकर्ता)

मंडळी, महिला ग्रामसभा झाली, नंतर मोठी ग्रामसभाही झाली. खूप गोष्टी बदलल्या, लिहितो.

तारीख: आवणी उरकल्यावरचा रविवार. ऑगस्टचा मध्य धरा, पण नक्की दिवस पाऊसच ठरवेल, आठ दिवस आधी इथं कळवतो. टाकळा जून झालेला असेल, असू दे. जूनच्या सुरुवातीला शेवळं बघायला येऊ म्हणणाऱ्यांसाठी पुढच्या वर्षी छोटी फेरी, पंगत नाही.

माणसं: बाहेरची साठ, त्याच्या वर नाही. शंकासुरांचा काजव्यांचा प्रतिसाद मी ग्रामसभेत वाचून दाखवला. काजव्यांच्या दिवसांत ज्यांच्या अंगणात लोक गाड्या लावून, बाटल्या टाकून गेले तेच पहिले हो म्हणाले. गाड्या गावाबाहेर शाळेच्या मैदानावर, तिथून चालत.

पैसे: पाहुण्यांकडून ताटाचे पैसे आधी घेणार. स्वयंपाक करणाऱ्या आणि फेरी नेणाऱ्या प्रत्येक बाईला आवणीच्या दराइतकी मजुरी, त्याच दिवशी, रोख. उरलेले भरडयंत्राच्या वर्गणीत. सत्कार कोणाचाच नाही. एका पुढाऱ्यांचा निरोप आलाय की 'दोन शब्द बोलायला आवडेल'. त्यांना पंगतीला बोलावलं आहे, बोलायला नाही.

खुडणं: अभयारण्याच्या हद्दीत पाहुण्यांनी पानाला हात लावायचा नाही. बांधावरचा कुरडू, आघाडा, घोळ हवा तेवढा घ्या, पेठकरांच्या पोरांना मी स्वतः विळा देतो. आळमी आणि कडूकंद पंगतीत नाहीत. फेरीची सुरुवात कळलावीपासून.

चिठ्ठ्या नाहीत. डॉ_खवय्यांनी यावं, विचारेल त्याला सांगावं.

नाशिककडून येणाऱ्यांनी घोटीवरून भंडारदरा, पुण्याकडच्यांनी संगमनेर-अकोले-राजूर. राजूरच्या पुढे रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून घ्या. छत्री कामाची नाही, वाऱ्यानं उलटी होते. इरलं मिळालं तर आणा.

---

तारकर्लीची

माझ्या आठळ्या? दोन किलो पाठवू शकते.

---

डांगाणकर (धागाकर्ता)

पाठवा ताई. जून टाकळ्यात घालून बघू, काय होतंय ते.

---

डोंगरची_लेक

एक राहिलं. डांगाणकरांनी वर जेवणात कर्टुली लिहिली आहे, ती काढा. महिला ग्रामसभेत सगळ्याजणी म्हणाल्या, कर्टुली पंगतीत नाही. त्या दिवसांत कर्टुल्याला चांगला भाव असतो, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातनं निघतो. ज्यांना खायची त्यांनी जाताना राजूरला बाजारात घ्यावी, आणि घासाघीस करू नये.